एक रविवार आणि सहा वार



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी माझ्या घरी आली, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न केला तो असा, की आपण चुकीच्या घरी तर आला नाहीत ना? या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, डॉक्टर येतात, ग्रंथकार येतात. मी नववीत शाळा सोडलेला, काजूच्या कारखान्यात पोती वाहिलेला आणि पुढे युनियनच्या कामात आयुष्य घालविलेला माणूस. मंडळींनी विषय सांगितला, 'ख्रिस्ती श्रद्धा आणि रोजचे जगणे'. मी म्हटले, मग आमच्या फादरना बोलवा, ते शिकलेले आहेत. त्यावर त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "फादर काय सांगतील ते आम्हांला साधारण ठाऊक आहे. तुम्ही काय सांगाल ते मात्र ठाऊक नाही." खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. म्हणूनच मी होकार दिला.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कोणाला माझ्या धर्मात बोलाविण्यासाठी उभा नाही. ज्या धर्माचे पालन आपल्याकडून पुरते होत नाही, त्याचा प्रचार करण्याचे धाडस मजजवळ नाही. मी फक्त माझा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहे. युनियनच्या माणसाला दुसऱ्याच्या वह्या तपासण्याची सवय असते. आज स्वतःची वही उघडतो.

मी ज्या गावात उभा आहे, त्या पिंगुळीला गोष्ट कशी सांगावी हे कोणी शिकवायला नको. इथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथींनी रामायण-महाभारतातल्या कथा एकेक चित्र पुढे धरून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या. त्याच परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या कुडाळ तालुक्याची मान उंच झाली. लहानपणी मी हा खेळ पाहत असे आणि मला एका गोष्टीचे नवल वाटे. चित्र नुसते धरले तर ते मुके. सांगणारा तोंड उघडील तेव्हा कुठे त्यातला राम चालू लागतो.

श्रद्धेविषयी मला असेच वाटत आले आहे. चर्चला आम्ही घरी इगर्ज म्हणतो. त्या इगर्जीत रविवारी आमच्यापुढे चित्र धरले जाते. त्यातली गोष्ट सांगावयाची असते ती सोमवार ते शनिवार, आणि आम्ही अडखळतो ते तेथेच. आठवड्यात रविवार एक, वार सहा. माझे सारे भाषण या एका हिशेबावर आहे.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. कोकणातल्या घराघरांतून एक माणूस गिरणगावात आणि त्याची मनिऑर्डर गावात, अशी ती व्यवस्था होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो अमुक दिवशी मिटला असे आजपर्यंत कोणी सांगू शकलेले नाही. तो मिटला नाही, विरून गेला. त्यात गिरण्याही गेल्या आणि माणसेही गेली. वडील दीड वर्षाने एक ट्रंक घेऊन गावी परत आले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. त्यानंतर दोन वर्षे ते इगर्जीत आले नाहीत. देवावर रुसले होते. माय मात्र रोज तिन्हीसांजेला अंगणातल्या खुरसापुढे दिवा लावून तेर्स म्हणत असे, आणि वडील ओटीवर पाठमोरे बसून ते ऐकत. त्यांनी आम्हां मुलांना तेर्स म्हणण्यास कधी अडविले नाही. एकदा मात्र ते म्हणाले, "संप करतो तो पुढारी. पण संप पोसते ती घरातली बाई. तिला विचारून संप कोणी करीत नाही." हे वाक्य मी ऐकले, पण मला ते समजायला वीस वर्षे लागली.

सोळाव्या वर्षी मी काजूच्या कारखान्यात लागलो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातल्या बायका या कामाला जातात, त्यामुळे मी काय सांगावे? बी वाफवायची, फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची आणि मग निवड. टरफलातले तेल हाताला लागले की कातडी सोलवटून काळी पडते. राख लावली, गोडे तेल लावले, तरी काळेपणा जात नाही. मजुरी किलोमागे. गर अखंड निघाला तर एक भाव, पाकळी झाली, तुकडा झाला तर बोलणी. परदेशी डब्यातला तो पांढराशुभ्र काजू आणि तो सोलणाऱ्या बाईचे ते काळे हात, ही दोन चित्रे शेजारी ठेवली की युनियनचे वेगळे व्याख्यान लागत नाही. मी त्या हातांमुळे युनियनमध्ये गेलो. धर्मामुळे गेलो असे म्हटले तर ते खोटे होईल.

धर्म आणि युनियन यांचा काही संबंध असू शकतो, हे मला वाचनालयाने शिकविले. संध्याकाळी काम सुटल्यावर तेथे पंखा असे आणि बसायला बाक असे, हे पहिले आकर्षण. तिथल्या ग्रंथपालांनी माझ्या हातात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, घर उभे फाटले, आणि पुढे पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या पावलांनी तीच वाट धरली. त्या पुस्तकात मला आवडला तो तिचा प्रामाणिकपणा. नवऱ्याची थोरवी ती सांगते आणि विक्षिप्तपणाही सांगते. स्वतःचे सोवळे सांगते, ते कसे सुटले तेही सांगते, आणि सांगताना स्वतःला हसते. श्रद्धेविषयी बोलताना आवाज जड करावा लागत नाही, हे मी तिच्यापासून शिकलो. त्याच वाचनालयात मला कळले की फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोलला छापले गेले. तोवर मला शाळेत कोणी 'तुमचा धर्म परका' म्हटले की मी गप्प बसत असे. त्यानंतर म्हणू लागलो, अरे, आमचा देव मराठी ओवीत बोलतो, त्याला चारशे वर्षे होत आली.

परंतु सर्वांत मोठा आनंद मला दिला तो रविवारच्या इतिहासाने. आपण रविवारची सुटी गृहीत धरतो. मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंड्यांनी रविवारच का मागितला, याचे एक कारण असे सांगतात की तो खंडोबाचा वार. म्हणजे पाहा, मी ज्या दिवशी मिस्सेला जातो तो दिवस मला मिळाला तो जेजुरीच्या मल्हारीच्या भक्तांनी भांडून मिळविलेला! पुढल्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर एक पत्रक काढले. कामगाराला संघटना करण्याचा हक्क आहे, त्याची मजुरी त्याच्या पोटाला पुरेल अशी हवी आणि त्याला विश्रांतीचा दिवस हवा, असे त्यात प्रतिपादन होते. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्यांनी याच पत्रकाची आठवण सांगितली. लोखंड्यांना रोमची खबर असण्याचे कारण नव्हते, रोमला लोखंड्यांची नव्हती. पण घाम सगळीकडे खारटच असतो.

मग मला माझगावचे काका बॅप्टिस्टा भेटले, अर्थात पुस्तकात. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे स्नेही आणि त्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष. १९२० साली मुंबईत देशातल्या कामगार संघटनांची पहिली मध्यवर्ती संस्था, आयटक, स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. आपल्या काळात पाहायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस हरित वसईसाठी रस्त्यावर उतरला आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. २०२४ साली ते गेले. या माणसांनी इगर्जीचे दार आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत ठेवली नाही.

हे सारे वाचून मी फुशारलो. मला वाटले, माझा रविवार आणि माझे सहा वार यांचा मेळ बसला. गेटवर भाषणे करताना मी येशूचे नाव घेत नसे, पण मनात म्हणत असे, हेच त्याचे काम. बंधूंनो, माणूस घसरतो तो बहुधा अशाच वेळी. ती हकीकत आता सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. कारण तिच्यात कारखान्याचा दोष मुळीच सांगावयाचा नाही, माझा सांगावयाचा आहे.

२००५ सालची गोष्ट. त्याच वर्षी जुलैत पुणे धर्मप्रांतातून आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला होता आणि आम्ही सगळे उत्साहात होतो. ऑगस्टच्या मध्याला आम्ही एका कारखान्यात संप केला. मागण्या दोन. किलोमागचा दर वाढवा आणि सगळ्या बायकांची नावे प्रॉव्हिडंट फंडात घाला. दोन्ही रास्त होत्या. पण दिवस चुकला. कोकणातला माणूस आणि चतुर्थी तोंडावर असताना संप! मी म्हटले, चतुर्थीआधी मालकालाही घाई असते, तो वाकेल. मालक वाकला नाही. पंधरा दिवस गेले. बायकांनी वाण्याकडे उधारी केली, कोणी कानातले गहाण ठेवले.

सतराव्या दिवशी सकाळी एक बाई गेटमधून आत गेली. विधवा बाई, एकच मुलगा, तो तापाने आजारी. तिने मला आदल्या दिवशी सांगितले होते, "भाऊ, औषधाक पैसे नायत." मी तिला म्हटले होते, दोन दिवस कळ काढ. युनियनच्या फंडात पैसे होते. थोडे होते, पण होते. ते मी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवले होते. हे मी आज प्रथमच चारचौघांत सांगतो आहे.

ती आत गेली तेव्हा दीडशेच्या आसपास बायका पावसात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. एक गेली की दहा जातात, हे प्रत्येक पुढारी जाणतो. मी बाकावर उभा राहिलो आणि म्हणालो, "आजपासून तिचे आणि आपले पाणी तुटले." टाळ्या झाल्या. संप त्या दिवशी वाचला.

आपण कोकणातले आहात. पाणी तुटणे म्हणजे काय हे मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ साली कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करावा लागतो, यातच सर्व आले. मी ते वाक्य गेटपुरते बोललो होतो, असे मी स्वतःला सांगत राहिलो. पण वाक्य गेटवर थांबत नाही. ते बायकांबरोबर वाडीत गेले. ७ सप्टेंबरला चतुर्थी आली. आपल्याकडे घरोघर गणपती आणि घरोघर आरतीला सगळी वाडी. एका घरची आरती संपली की झांजा घेऊन पुढचे घर. त्या वर्षी झांजा तिच्या दारावरून पुढे गेल्या. तिच्या घरात गणपतीपुढे ती आणि तापातून नुकता उठलेला नऊ वर्षांचा मुलगा, एवढीच माणसे होती.

हे मला कसे कळले? माझ्या मायने सांगितले. आमच्याकडे चतुर्थीला ख्रिस्ती घरातली माणसे शेजाऱ्यांच्या गणपतीला जातात, नाताळात ते आमच्याकडे नेवऱ्या खायला येतात. त्यात नवल काही नाही. रात्री जेवताना माय सहज म्हणाली, "मी गेलंय तिच्याकडे. आरती माका येणा नाय. नुसत्यो टाळयो वाजवलंय." एवढे बोलून तिने मला वाढले. माझ्याकडे पाहिले नाही. सत्तरी उलटलेली, अंगठा उठवणारी बाई. तिने पोपचे पत्रक वाचले नव्हते आणि काका बॅप्टिस्टांचे नावही ऐकले नव्हते.

तरीही मी गेलो नाही. मनात म्हटले, संप चालू आहे, भावनेला ही वेळ नव्हे.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, १८ सप्टेंबर. त्या रविवारी मिस्सेत द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला वाचला गेला. आपल्यापैकी ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मळेवाला पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो, एक दिनार ठरवून. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. पुन्हा नऊला आणखी काही आणतो, दुपारी आणतो, आणि दिवस मावळायला एक तास उरला असताना आणखी काही उभे दिसतात, त्यांनाही आणतो. संध्याकाळी सर्वांना एकेक दिनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात. मालक म्हणतो, तुमचे ठरलेले तुम्हांला मिळाले, मी इतरांना चांगले वागविले तर तुमच्या डोळ्यांत का सलावे?

या दाखल्याशी माझे फार जुने भांडण होते. मी फादरना म्हणे, हा दाखला मालकांच्या संघटनेने छापून वाटण्यासारखा आहे! कामाप्रमाणे दाम हे तत्त्व कुठे गेले? शिवाय, माझ्या पैशाचे मी वाटेल ते करीन, हे उत्तर मी प्रत्येक वाटाघाटीत ऐकत आलो आहे. ते येशूच्या गोष्टीतल्या धन्याच्या तोंडी ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात जाई. त्या रविवारी मात्र माझे लक्ष धन्याकडे गेले नाही. ते गेले त्या संध्याकाळच्या मजुरांकडे. दिवसभर नाक्यावर उभे राहिलेले, कोणीच न बोलाविलेले. त्यांच्या घरी चूल पेटायची होती ती पहाटेच्या मजुराच्या चुलीइतकीच. एका तासाच्या मजुरीत पोराचे पोट भरत नाही. दिनार हा कामाचा भाव नव्हता, एका घराच्या एका दिवसाच्या भाकरीचा भाव होता.

आणि गंमत अशी, की हे मला युनियनच्या वर्गात शिकविले गेले होते. १९५७ च्या जुलैत पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची कसोटी ठरविली. कामगार किती काम करतो एवढेच पाहू नका, त्याच्या घराला काय लागते ते पाहा. खाणारी तोंडे, वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे, सरपण, दिवाबत्ती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण आणि औषधपाणी यांचा खर्च धरायला सांगितला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली, २०२५ च्या नोव्हेंबरात ती लागू झाली. कायदे बदलतात, पण प्रश्न तोच राहतो. घराला काय लागते? मालकापुढे हा प्रश्न मी शंभर वेळा टेबलावर आपटून विचारला होता. त्या बाईला एकदाही विचारला नव्हता. औषधपाणी हा शब्द मी मागणीपत्रात लिहीत होतो, आणि औषधाला पैसे नाहीत म्हणणाऱ्या बाईला कळ काढायला सांगत होतो. त्या दाखल्यात मी स्वतःला नेहमी पहाटेचा मजूर समजत आलो होतो. तो मी होतोही. पण रागाने दुसऱ्याच्या दिनाराकडे पाहणारा तो पहाटेचा मजूर.

मिस्सेहून मी तसाच तिच्या घरी गेलो. पाऊस होता. ती दारात आली, मला पाहून पदर सारखा केला आणि म्हणाली, "गणपती गेलो. आता येवन काय उपेग?" मी म्हटले, माफी मागायला आलो आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली. म्हणाली, "पावसातसून इलास. आदी पाणी घेवा. माफीचा मागसून बगूया."

ज्या पाण्याविषयी मी बाकावर उभा राहून बोललो होतो, ते पाणी मी त्या ओट्यावर बसून प्यालो.

ही गोष्ट इथे संपली असती तर इगर्जीत सांगण्याजोगी झाली असती. पण पुढे सोमवार होता. गेटवर मी पुन्हा त्याच बाकावर उभा राहिलो आणि माझा शब्द मागे घेतला. फंडातले पैसे किती होते ते सांगितले आणि ज्या घरी आजारी माणूस आहे त्या घरी ते आजच जातील असेही सांगितले. टाळ्या झाल्या नाहीत. माझे जवळचे सहकारी म्हणाले, तू संप मोडलास. त्या आठवड्यात आणखी काही बायका कामावर गेल्या. शेवटी तडजोड झाली ती मागितल्याच्या निम्म्या दरावर. प्रॉव्हिडंट फंडाचे काम पुढे तीन वर्षे रखडले. मी शब्द मागे घेतला नसता तर पूर्ण दर मिळाला असता, असे म्हणणारे लोक आजही आहेत. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. योग्य वागले म्हणजे फळ मिळतेच, असे अनुभवाने मला आढळलेले नाही. तसे असते तर येशूला क्रूस कशाला मिळाला असता?

त्या बाईने मला माफ केले की नाही, हे मला ठाऊक नाही. ती दोन वर्षे युनियनच्या सभेला आली नाही. मग एके दिवशी फंडाचा कागद भरून घ्यायला आली आणि मागच्या रांगेत बसली. मी तिला पुढे बोलाविले नाही. माझ्या पुढे बोलावण्याने तिचे बरेच नुकसान झालेले होते.

आता कोणी विचारील, यातून श्रद्धेने तुला दिले काय? मी मोजक्या गोष्टी सांगतो. संपाची नोटीस देण्याआधी आम्ही आता वाडीवाडीतून फिरतो आणि घरातल्या बाईला विचारतो. घरात आजारी कोण, बाळंतीण कोण, उधारी किती. वडिलांचे ते वाक्य असे उशिरा कामी आले. प्रत्येक घरातून महिन्याला मूठभर तांदूळ बाजूला पडतो आणि तो संपाच्या दिवसांसाठी साठतो. आणि सभेत मी कोणाही कामगाराचे नाव घेऊन बोलत नाही, मग तो फुटलेला का असेना. यात अध्यात्म फारसे दिसणार नाही. पण माझ्या सहा वारांत माझा रविवार एवढाच उतरला आहे, आणि तो उतरायला मला एका बाईच्या घरची सुनी आरती लागली.

प्रार्थनेविषयीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी रोज प्रार्थना करतो. पुष्कळदा ती कोरडी असते. शब्द तोंडात असतात आणि मन लेबर कोर्टाच्या तारखेत असते. प्रार्थनेने दर वाढल्याचे मी कधी पाहिलेले नाही. वडील आजारी पडले तेव्हा मी फार मागितले, ते मिळाले नाही. पण येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत एक गोष्ट आहे, तिने मला धरून ठेवले आहे. तिच्यात भाकर मागायची असते ती माझ्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. ती एकट्याने म्हटली तरी अनेकवचनीच म्हणावी लागते. युनियनची सदस्यता फी न भरता मिळालेले हे अनेकवचन आहे. त्या 'आम्ही'मध्ये गेटबाहेर उभी असलेली येते, गेटच्या आत गेलेली येते आणि, म्हणायला जड जाते तरी, मालकही येतो. शेवटच्या भागाशी माझे भांडण अजून चालू आहे.

सज्जनहो, नुकताच ईस्टर झाला. आता १ मे जवळ आला आहे. तो कामगार दिन आहे, महाराष्ट्र दिन आहे, आणि १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो हाच दिवस. आमच्या पंचांगात तो १९५५ पासून कष्टकरी योसेफाचा सण आहे. योसेफ सुतार होता. त्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. त्याने भाषण केले नाही, घर चालविले. माझ्या मायनेही भाषण केले नाही. न येणाऱ्या आरतीला टाळ्या वाजविल्या. ती गेली त्याला आता काही वर्षे झाली. तिला खांदा द्यायला ती विधवा बाई आणि तिचा मुलगा आले होते. मुलगा आता कर्ता झाला आहे. दर चतुर्थीला तो मला आरतीला बोलावतो. मी जातो. आरती मलाही अजून येत नाही.